क्रूझवर टेबल मिळत नाही? ‘फुल’ दिसतं तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं

क्रूझ ठरली, पैसे भरले, अ‍ॅप फोनवर घेतलं, आणि जेवणाच्या बुकिंगचं पान उघडलं की सातही रात्रींपुढे एकच शब्द दिसतो: फुल. सहाला फुल, साडेसातला फुल, नऊलाही फुल. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही आठजण मिळून पहिल्यांदा क्रूझला निघालो, तेव्हा हे पान मी तीन आठवडे रोज रात्री उघडत होते. एक दिवस सगळ्यांनी एका टेबलाशी बसून निवांत जेवायचं, एवढीच आईची इच्छा होती. आणि तेवढंच जमत नव्हतं.

त्यानंतर आणखी चार क्रूझ झाल्या. दरवेळी हाच शब्द भेटला. आता ओळखीतलं कुणी निघालं की मला फोन येतो, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. रेस्टॉरंटमधल्या सगळ्या खुर्च्या भरल्या, असा ‘फुल’चा अर्थ फार कमी वेळा असतो. इतक्या माणसांसाठी, या वेळेला, तुमच्या बुकिंगवरून, आत्ता खुल्या केलेल्या टेबलांपैकी एकही जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. यातलं कुठलं जुळत नाही ते सापडलं की बहुतेक वेळा टेबलही सापडतं.

आधी बघा, बुकिंग नेमकं कशाचं करताय

जहाजावर जेवणाच्या साधारण तीन व्यवस्था असतात आणि अर्धा गोंधळ त्या एकमेकींत मिसळल्यामुळे होतो.

पहिली, मुख्य डायनिंग रूम आणि ठरलेली वेळ. रोज तेच टेबल, तेच वेटर. लवकरची पाळी साडेपाच-सहाच्या आसपास, उशिराची आठच्या आसपास. इथे रोजचं रिझर्वेशन लागतच नाही, तुमची पाळी क्रूझच्या बुकिंगवरच लिहिलेली असते. हवी ती पाळी न मिळता ‘वेटिंग’ दिसत असेल तर अ‍ॅपमध्ये स्लॉट शोधत बसून उपयोग नाही. पाळी बदलून देणारी माणसं वेगळी असतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

दुसरी, तीच डायनिंग रूम पण वेळ मोकळी. हिचे नियम कंपनीगणिक बदलतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं, तेव्हापासून त्यांच्या मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेल्या पाळ्या नाहीत. कार्निव्हलच्या ‘युवर टाइम’मध्ये आधी वेळ राखून ठेवायची नसते, जहाजावर भूक लागली की अ‍ॅपमधून नाव नोंदवायचं आणि टेबल तयार झाल्याचा निरोप आला की जायचं. हे माहीत नसलेली माणसं घरी बसून या जेवणाचं रिझर्वेशन शोधतात, ते सापडत नाही, आणि वाटतं की आपलंच काही चुकलं. डिस्नेच्या जहाजांवर आणखी निराळं: तुम्ही रोज रेस्टॉरंट बदलता आणि तुमचे वेटर तुमच्याबरोबर फिरतात. तो क्रम कंपनी लावून देते.

तिसरी व्यवस्था म्हणजे स्पेशालिटी रेस्टॉरंट, जिथे वेगळे पैसे लागतात. टेबलासाठी खरी ओढाताण इथे असते, आणि यापुढचं बरंचसं लिखाण याच रेस्टॉरंटांबद्दल आहे.

रॉयल कॅरिबियनने २०१४ साली ‘क्वांटम ऑफ द सीज’ या जहाजावर एकच मोठी डायनिंग रूम काढून टाकून चार वेगळी रेस्टॉरंटं केली होती आणि रोज कुठे जेवायचं त्याचं रिझर्वेशन प्रवाशाने करायचं, असं ठरवलं होतं. लोकांना ते जड गेलं. पुढे ती पद्धत मागे घेतली गेली आणि ठरलेल्या पाळ्या परत आल्या. हे मुद्दाम सांगते आहे, कारण रिझर्वेशन जमलं नाही की घरातली माणसं ‘आपल्याला हे अ‍ॅप-बिप जमत नाही’ म्हणून गप्प बसतात. रोज रात्री हजारो माणसांना टेबलं नेमून देणं मुळातच अवघड काम आहे.

सगळ्यात मोठं कारण: माणसांचा आकडा

आमचा आकडा आठ. स्पेशालिटी रेस्टॉरंटमधली बहुतेक टेबलं दोघांची किंवा चौघांची असतात, सहाची थोडी, आठची एखाद-दुसरं. तुम्ही अ‍ॅपमध्ये ‘आठ’ टाकता तेव्हा ते आठ खुर्च्या शोधत नाही, आठजण बसतील असं टेबल शोधतं. ते एक टेबल गेलं की सातही रात्री फुल. अर्धं रेस्टॉरंट रिकामं असलं तरी पान तेच सांगणार.

म्हणून पहिली तपासणी ही करा: आकडा बदलून बघा. आठचे सहा, सहाचे चार, चारचे दोन. मी तीन आठवड्यांनी, थोडं वैतागूनच, आठच्या जागी चार टाकलं आणि पाच रात्री उघडल्या. त्याच क्षणी कळलं की अडचण रेस्टॉरंट भरल्याची नव्हती. चार दिसत असेल तर चार-चारची दोन रिझर्वेशनं घ्या, एकाच वेळेची किंवा पंधरा मिनिटांच्या अंतराची. टेबलं जवळ आणण्याचं काम जहाजावर गेल्यावर होतं आणि ते बऱ्याचदा होतंही.

उलटही घडतं. दोघंच असाल आणि दोघांची टेबलं संपली असतील, तर काही जहाजांवर ‘दुसऱ्यांबरोबर टेबल चालेल’ असा पर्याय असतो. तापलेल्या तव्याभोवती सगळ्यांनी बसून जेवायची जी रेस्टॉरंटं असतात, तेप्पान्याकीसारखी, तिथे तर अनोळखी लोकांबरोबरच बसवतात. अशा ठिकाणी दोघांना जागा मिळणं सोपं असतं आणि सहाजणांना अवघड, कारण तिथल्या पाळ्या ठरलेल्या आणि तव्याभोवतीच्या खुर्च्या मोजक्या.

आकड्यात आणखी एक खाच आहे: वय. डिस्नेच्या ‘पालो’सारख्या रेस्टॉरंटमध्ये अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. केबिनमधल्या सगळ्यांच्या नावांवर खूण करून शोधलंत आणि त्यात बारा वर्षांचा मुलगा असला, तर तिथे टेबल मिळणारच नाही. मुलाच्या नावावरची खूण काढा आणि पुन्हा शोधा.

तारीख उघडलीच नसेल

कित्येकदा टेबलं संपलेली नसतात, तुमच्यासाठी अजून उघडलेली नसतात. आणि तुमच्यासाठी उघडतात तोवर दुसऱ्यांना उघडून गेलेली असतात. डिस्नेचं उदाहरण घेते, कारण तिथले आकडे स्पष्ट आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला निघण्याच्या ७५ दिवस आधी बुकिंग करता येतं. आधी प्रवास केलेल्यांपैकी सिल्व्हर पायरीवरच्यांना ९० दिवस, गोल्डला १०५, प्लॅटिनमला १२० आणि पर्लला १२३. म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या आधी चार रांगा जेवून गेलेल्या असतात. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी फुल दिसलं तर त्यात तुमची काहीच चूक नाही. पुढचे मार्ग आहेत.

पण तुमचा दिवस तरी चुकू देऊ नका. जहाज १५ डिसेंबरला निघणार असेल तर ७५ दिवस आधीचा दिवस म्हणजे १ ऑक्टोबर. ‘अडीच महिने’ असा अंदाज धरला तर ३० सप्टेंबर येतो, आणि माणूस एक दिवस आधी जाऊन ‘उपलब्ध नाही’ वाचून परत फिरतो. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. बुकिंग कुठल्या शहराच्या वेळेने उघडतं तेही बघून ठेवा. डिस्नेचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या मध्यरात्री उघडतं. ती वेळ तुमच्या घड्याळात किती वाजता येते ते आदल्या दिवशीच काढून ठेवलेलं बरं.

आणि क्रूझचे पूर्ण पैसे भरलेले हवेत. शेवटचा हप्ता बाकी असला तर तारीख येऊनही दार उघडत नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हेच झालं होतं. ती दोन दिवस अ‍ॅप काढून परत घालत होती, आणि अडलं होतं फक्त एजंटकडून पुढे न गेलेल्या हप्त्यावर.

चार केबिन, चार बुकिंग, एक टेबल

मोठ्या कुटुंबाला हे हमखास नडतं. आमच्या चार केबिन होत्या आणि चारांचे बुकिंग क्रमांक वेगळे. मला अ‍ॅपमध्ये फक्त माझ्याच केबिनमधली माणसं दिसायची. बाकीच्यांची नावंच नाहीत, तर आठजणांचं टेबल मागणार कुठून?

बुकिंगं जोडून घ्यावी लागतात. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्याचा बुकिंग क्रमांक, आडनाव, जन्मतारीख टाकून तुम्हालाच जोडता येतं. काही ठिकाणी कंपनीला किंवा एजंटला सांगावं लागतं. इथे नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आमच्या वहिनीचं बुकिंग जोडलं जात नव्हतं, कारण मी तिचं नेहमीचं नाव टाकत होते आणि पासपोर्टवर मधलं नावही होतं.

यातली मेख अशी की केबिन जोडलेल्या असणं आणि जेवण जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंटने ‘सगळं लिंक केलंय’ म्हटलं तरी विचारा: जेवणासाठी केलंय का? ठरलेल्या पाळीचं जेवण असेल तर सगळ्या केबिनची पाळी एकच असावी लागते. एक केबिन लवकरच्या पाळीत आणि तीन उशिराच्या, असं असेल तर एक टेबल होऊच शकत नाही, कितीही लिंक केलं तरी. आधी पाळी सारखी करून घ्या, मग जोडा.

पॅकेज घेतलंय, तरी पैसे मागतंय

तीन रात्रींचं किंवा पाच रात्रींचं डायनिंग पॅकेज विकत घेतलं, आणि रिझर्वेशन करायला गेलं तर पुन्हा पूर्ण किंमत दिसते. असं दिसलं तर पैसे भरू नका. आधी बघा की पॅकेज कुणाच्या नावावर आहे. केबिनमध्ये दोघं आणि पॅकेज एकाच्याच नावावर, असं सहज होतं. दुसरं, काही पॅकेजचं बुकिंग घरून होतच नाही, जहाजावर गेल्यावरच करायचं असतं; तोवर पहिल्या रात्रीचं एखादं रिझर्वेशन आपोआप पडलेलं दिसतं. ते पक्कं म्हणून धरू नका आणि घाबरून रद्दही करू नका. जहाजावर पाऊल ठेवलंत की तेच बदलून हव्या त्या रात्री लावून घेता येतं. तिसरं, शेफ्स टेबलसारखे खास कार्यक्रम बहुधा पॅकेजबाहेर असतात.

वेगळे पैसे देऊन जेवायची ही तऱ्हा काही नवीन नाही. ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर १९०५ साली ‘रिट्झ’च्या नावाने असं रेस्टॉरंट होतं. ‘टायटॅनिक’वरही १९१२ साली पहिल्या वर्गासाठी तिकिटात धरलेली मोठी भोजनशाला वेगळी आणि वर पैसे देऊन जेवायचं रेस्टॉरंट वेगळं होतं, सगळी जेवणं त्या रेस्टॉरंटमध्येच घ्यायचं आधी ठरवलं तर तिकिटात सूट मिळायची. म्हणजे तिकिटातलं जेवण आणि विकतचं जेवण हे दोन हिशेब शंभर वर्षांपासून वेगळे आहेत, आणि गोंधळ होतो तो या दोहोंच्या सांध्यावर.

मधले काही दिवस आणि न येणारा ओटीपी

निघण्याच्या काही दिवस आधी बऱ्याच कंपन्या घरून करायचं बुकिंग बंद करतात. तिथून पुढे जहाजावरची यंत्रणा काम बघते. या मधल्या काळात सगळंच फुल किंवा राखाडी दिसतं, केलेलं रिझर्वेशनसुद्धा कधीकधी दिसेनासं होतं. हा काळ काहीच न करण्याचा आहे. केलेल्या रिझर्वेशनची ईमेल आणि स्क्रीनशॉट फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही उघडतील.

त्याच दिवसांत आणखी तीन कामं करून टाका, कारण ती जहाजावर होत नाहीत. अ‍ॅप अपडेट करा. अ‍ॅपमध्ये लॉगिन होऊन राहा. पासवर्ड आठवत नसेल तर घरीच बदला. जहाजाच्या वाय-फायवर कंपनीचं अ‍ॅप इंटरनेटचे पैसे न भरताही चालतं, पण अ‍ॅप स्टोअर चालत नाही आणि ईमेलही येत नाही. रोमिंग नसेल तर एसएमएस नाही. त्यामुळे जहाजावर बसल्यावर ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलंत, की कोड पाठवल्याचं अ‍ॅप सांगतं आणि तो कोड कधीच पोहोचत नाही. बाबांचा फोन असाच दोन दिवस नुसता घड्याळ म्हणून खिशात राहिला.

जहाजावर वाय-फाय जोडलंय आणि तरी अ‍ॅप उघडत नाही, तर क्रमाने बघा: एअरप्लेन मोड चालू ठेवून वाय-फाय वेगळं चालू केलंय ना, व्हीपीएन बंद आहे ना, आयफोनवर प्रायव्हेट रिले आणि अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस बंद आहे ना. बँकेच्या किंवा ऑफिसच्या कामासाठी घातलेलं व्हीपीएन आपण विसरून जातो, आणि ते जहाजाच्या आतल्या यंत्रणेपर्यंत फोनला पोहोचूच देत नाही. मग ब्राउझर उघडून जहाजाचं स्वागताचं पान येतंय का बघा. ते आलं की अ‍ॅपही येतं.

पहिल्या दुपारचा एक तास

सगळ्यात जास्त टेबलं मी इथे मिळवली आहेत. घरून करायच्या बुकिंगला कंपन्या सगळी टेबलं खुली करत नाहीत, काही जहाजावर देण्यासाठी मागे ठेवतात. आणि पहिल्या दिवशी ती टेबलं देणारी माणसं समोर बसलेली असतात.

जहाजावर चढलात की बफेकडे जाऊ नका. केबिनही तेव्हा बहुधा तयार नसते. सरळ विचारा, ‘डायनिंगची रिझर्वेशनं कुठे घेताहेत?’ बहुतेक जहाजांवर पहिल्या दुपारी एखाद्या रेस्टॉरंटच्या दारात किंवा मुख्य डायनिंग रूममध्ये टेबल मांडलेलं असतं. पाळी बदलायची असेल, ठरलेल्या टेबलाची जागा बदलायची असेल, तर डायनिंग रूमचे मुख्य, ज्यांना तिथे मेत्र-डी म्हणतात, तेही याच वेळी भेटतात. वेळ त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत दिलेली असते.

त्या पहिल्या खेपेला आम्ही साडेबाराला पोहोचलो. रेस्टॉरंटच्या दाराशी एक व्यवस्थापक बसले होते. समोर टॅब्लेट होता, आणि त्याच्या शेजारी रेस्टॉरंटचा छापील नकाशा, त्यावर प्रत्येक टेबलाचा गोल किंवा चौकोन आणि आत पेन्सिलने आकडे. मी आठ म्हटल्यावर त्यांनी टॅब्लेटकडे पाहिलंही नाही. नकाशावर खिडकीजवळच्या दोन चौकोनांवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, ‘पाचवी रात्र, साडेसात, ही दोन जोडली तर चालतील?’ ती टेबलं सरकवता येणारी होती. अ‍ॅपला ते ठाऊक नव्हतं, त्यांना ठाऊक होतं. आमची चार-चारची दोन रिझर्वेशनं आधीच होती, म्हणून त्यांना नवीन जागा काढावी लागली नाही, फक्त रात्र बदलावी लागली. त्यांनी दोन चौकोनांमध्ये एक आडवी रेघ मारली आणि वर ‘८’ लिहिलं. तीन आठवड्यांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. आईला मी तो पेन्सिलचा आकडा तिथेच दाखवला.

या माणसांशी बोलताना एक करा: एकच रात्र आणि एकच वेळ धरून बसू नका. ‘तिसरी, पाचवी किंवा सहावी रात्र, सात ते साडेआठमध्ये केव्हाही’ असं सांगितलंत की त्यांना हात हलवायला जागा मिळते. कुणाला पायऱ्या जमत नसतील, कुणी व्हीलचेअरवर असेल, तर तेही तेव्हाच सांगा. टेबलाची जागा त्यावर ठरते.

तरी नाहीच मिळालं, तर

एक, पहिली रात्र. लोक दमलेले असतात, बॅगा केबिनपाशी आलेल्या नसतात, कित्येकांना अजून रेस्टॉरंटचा डेकही सापडलेला नसतो. स्पेशालिटी रेस्टॉरंट पहिल्या रात्री मला नेहमी सर्वात मोकळं दिसलं. दुसरं, फॉर्मल नाइट. त्या रात्री नटूनथटून आलेली बरीच माणसं मुख्य डायनिंग रूममध्येच बसतात.

वेळेचंही तसंच. साडेसहा ते आठ सगळ्यांना हवं असतं. साडेपाच किंवा नऊ मागून बघा. मात्र नाटकाचा किंवा कार्यक्रमाचा वेळ आधी बघा. स्पेशालिटीतलं जेवण दोन तास सहज घेतं. साडेसातचं टेबल आणि नऊचा खेळ जमत नाही, एक काहीतरी अर्धवट सोडून उठावं लागतं. काही अ‍ॅपमध्ये तर आधीच घेतलेला खेळ किंवा किनाऱ्यावरची सहल त्या वेळेवर आली की जेवणाचे स्लॉट दिसतच नाहीत. सहल आणि जेवण दोन्ही एका पानावर लिहून काढलं की असा आडवा आलेला कार्यक्रम लगेच सापडतो.

रद्द होणारी टेबलंही असतात, आणि ती बहुधा ठरावीक वेळेलाच परत येतात. रद्द करण्याची मुदत साधारण एक दिवस आधी संपते. त्यानंतर दंड लागतो. म्हणून ज्यांचं मन बदललंय ते मुदत संपायच्या सुमारास रद्द करतात. उद्या साडेसातचं टेबल हवं असेल तर आज सहा ते आठ या वेळात दोन-तीनदा पान ताजं करून बघा. दिवसभर दर तासाला बघण्यापेक्षा हे दोन तास कामाचे. आणि हवामानामुळे जहाजाने एखादं बंदर गाळलं, तर घोषणा ऐकताच रेस्टॉरंटकडे जा. त्या दिवशी सगळ्यांचे बेत हलतात. कुणी सोडतं, कुणी धरतं.

एवढं करूनही नसेल तर संध्याकाळी रेस्टॉरंट उघडताना दाराशी उभं राहून, नम्रपणे, ‘कुणी आलं नाही तर आम्हाला सांगाल का?’ असं विचारा आणि केबिन क्रमांक देऊन ठेवा. दोघांना हे बऱ्याचदा जमतं. आठजणांना नाही.

टेबल आहे, पण घड्याळ चुकलं

हे मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण इथे हातातलं टेबल जातं. जहाजाची स्वतःची वेळ असते आणि रिझर्वेशन त्याच वेळेवर चालतं. फोन मात्र किनाऱ्याजवळचा टॉवर सापडला की तिथली वेळ घेतो. मेक्सिकोमधलं कोझुमेल हे बेट ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे २०१५ पासून घड्याळ वर्षभर एकच असतं, उन्हाळ्यात पुढे सरकत नाही. मायामीचं सरकतं. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज मायामीच्याच वेळेवर राहिलं, तर कोझुमेलच्या धक्क्यावर फोन जहाजापेक्षा एक तास मागे असतो. फोनमध्ये साडेसहा, जहाजावर साडेसात. तुम्ही केबिनमध्ये निवांत तयार होताय आणि तिकडे तुमचं टेबल दुसऱ्याला दिलं गेलंय. बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांपलीकडे थांबत नाहीत, आणि न आल्याचे पैसेही खात्यावर लागतात.

फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, डेट अँड टाइम शोधा, तिथली आपोआप वेळ घेण्याची कळ बंद करा आणि जहाजाची वेळ हाताने लावा. त्याहून सोपं, मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि चढल्यावर लावलेली वेळ जहाजावरून घोषणा होईपर्यंत बदलू नका. केबिनमधल्या टेलिफोनच्या पडद्यावरही बहुधा जहाजाची वेळ दिसते.

दारात नाव सापडत नाही

वेळेवर गेलात, आणि दाराशी उभी असलेली मुलगी यादी खाली-वर करून म्हणते, नाव दिसत नाही. आधी केबिन क्रमांक सांगा, नाव नंतर. आपली नावं यादीत आडनावाने, पहिल्या नावाने, कधी दोन्ही जोडून पडलेली असतात. मग ज्याच्या फोनवरून बुकिंग केलं त्याचं नाव सांगा. आठजणांचं टेबल बहुधा एकाच्याच नावावर असतं आणि तो माणूस अजून केबिनमध्ये केस विंचरत असतो. तिसरं, साठवलेला स्क्रीनशॉट दाखवा. चौथं, तारीख बघा. दोनदा असं झालंय की रिझर्वेशन दुसऱ्या रात्रीचं होतं. आणि पाचवं, ते खरंच पूर्ण झालं होतं का? घरून बुकिंग करताना टेबल निवडून बास्केटमध्ये टाकलं, पण पैसे भरायचं शेवटचं बटण दाबलं नाही, तर पान बघून वाटतं झालं. पक्कं झाल्याची ईमेल आली नसेल तर काही झालेलं नाही.

कुणाला दाण्याची, दुधाची, माशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती रिझर्वेशनच्या शेऱ्यात लिहून भागत नाही. कंपनीला निघण्याच्या बरेच आठवडे आधी वेगळं कळवावं लागतं, आणि जहाजावर प्रत्येक रेस्टॉरंटमध्ये वेटरला पुन्हा सांगावं लागतं. मुख्य डायनिंग रूममधले वेटर रोजचे असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तेच विचारतात. स्पेशालिटीत प्रत्येक रात्री तुम्ही नवे असता.

आमच्या पाचव्या रात्री दाराशी यादीत चार-चारची दोनच नावं होती, जोडलेल्या टेबलाचा पत्ता नव्हता. टॅब्लेटमध्ये ती रेघ गेलेलीच नव्हती. मी पहिल्या दुपारी त्या नकाशाचा फोटो काढून ठेवला होता. तो दाखवला, आणि दोघा वेटरनी मिळून खिडकीजवळची टेबलं आमच्यासमोर सरकवली.